दिवा हिरवा आहे

दिवा लाल लागला तेव्हा राजनंदिनी खोत वजनाच्या रांगेत उभी होती आणि तिच्या तोंडात थुंकीसुद्धा उरली नव्हती. आदल्या दुपारपासून तिनं पाण्याचा घोट घेतला नव्हता. सत्तावन्न किलोच्या आत बसायचं म्हणून प्लास्टिकचा सूट अंगात घालून तालमीभोवती पळून पळून तिनं अंगातलं पाणी काढलं होतं. आता काट्यावर उभं राहायचं, आकडा दिसला की बाटली तोंडाला लावायची, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात होता. काट्याच्या अलीकडे पांढऱ्या कोटातल्या बाईनं तिच्या बोटाला रक्त तपासायची टिकली लावली. बोट चुरचुरलं. थोड्या वेळानं मनगटावरच्या पट्टीतला दिवा लुकलुकला आणि लालभडक झाला.

"पुढे चला," बाई सवयीनं म्हणाली. पण पुढचं फाटक काही उघडलं नाही. ते दिव्याचं ऐकत होतं, बाईचं नाही.

भिंतीवरच्या पडद्यावर नाव आलं. राजनंदिनी खोत, सत्तावन्न किलो, हर्पिस दोन, अपात्र. रांगेतल्या पोरींनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग फोनवर शोधलं, आणि मग दोन-दोन पावलं मागं सरल्या. लैंगिक संबंधातून पसरणारा आजार, असं फोननं त्यांना सांगितलं होतं. फोन खोटं बोलत नव्हता. पण अर्धवट बोलण्यानं किती वाटोळं होतं ते राजनंदिनीला, सगळ्यांच्या नंदाला, पुढच्या चार दिवसांत कळायचं होतं.

वस्ताद सर्जेराव मगदूम गर्दीतून वाट काढत आले. नंदा दहा वर्षांची असताना ह्याच माणसानं तिच्या घरी ठाण मांडून तिच्या आईला कुस्तीसाठी राजी केलं होतं. तिच्या खुराकाची, शाळेची, पायातल्या बुटांची काळजी वाहिली होती. जिल्ह्यातून एकच पोरगी राष्ट्रीय शिबिराला जाणार होती आणि ती नंदाच असणार, हे ते सांगत फिरत. त्यांनी दिव्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं.

"कुठं शेण खाल्लंस?" त्यांनी विचारलं.

त्यांना तो प्रश्न दबक्या आवाजात विचारता आला असता. तेवढंही त्यांच्यानं झालं नाही.

"वस्ताद, मी कुठं जाती हो? तालीम सोडून मी कुठं जाती ते तुमास्नी ठाऊक न्हाई?"

"मशीन खोटं बोलतंय व्हय मग?"

ह्या प्रश्नाला बावीस वर्षांची, घसा कोरडा पडलेली पोरगी काय उत्तर देणार? नंदा गप्प राहिली, आणि गप्प राहिली म्हणजे कबूल केलं असं सगळ्यांनी धरलं. तिच्या जागी तिच्याच तालमीतली राखीव खेळाडू तन्वी घोरपडे उतरली. तन्वीचा दिवा हिरवा होता. संध्याकाळपर्यंत तिनं जिल्हा मारला.

ही टिकली खरोखरच कपाळावरच्या टिकलीएवढी होती. तिच्या आत साठेक बारीक खाचा असत आणि एकेका खाचेत एकेका रोगजंतूचं एखादं प्रथिन बसवलेलं असे. तो जंतू आपल्या अंगात कधी येऊन गेला असेल, तर त्याच्याविरुद्ध रक्तात प्रतिपिंडं तयार झालेली असतात. ती त्या प्रथिनाला जाऊन चिकटत आणि खाच उजळे. किती उजळली ते टिकली मोजे आणि त्याचा आकडा काढे. इथपर्यंत सगळं छान होतं. टिकलीनं कितीतरी लोकांची कावीळ वेळेवर पकडली होती, त्याबद्दल तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण आकडे बघून लोक गोंधळतात असं कंपनीच्या विक्री विभागाला वाटलं, म्हणून त्यांनी आकडा आत लपवला आणि बाहेर दिवा लावला. हिरवा म्हणजे चांगलं, लाल म्हणजे वाईट. दवाखान्यातून ती कारखान्यांत गेली, कारखान्यांतून वसतिगृहांत, वसतिगृहांतून कुस्तीच्या मॅटवर. प्रत्येक ठिकाणी आकडा थोडा आणखी आत गेला आणि दिवा थोडा आणखी मोठा झाला.

कुस्तीत ती आली त्याला निमित्त झालं गेल्या उन्हाळ्यातल्या एका शिबिराचं. तिथं सात-आठ पोरींच्या तोंडावर फोडांचे पुंजके उठले. बातम्या झाल्या. दख्खन महिला कुस्ती संघाला काहीतरी केल्याचं दाखवायचं होतं. पोरींची कातडी रोज उजेडात तपासायची तर माणसं लागतात, आणि टिकलीला माणूस लागत नाही. संघानं नियम केला की हर्पिस दोन ज्यांच्या रक्तात सापडेल त्यांना मॅट बंद. रक्त निगेटिव्ह येईपर्यंत बंद, असं त्यात म्हटलं होतं. ही प्रतिपिंडं एकदा तयार झाली की सहसा जन्मभर राहतात, हे नियम करणाऱ्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. म्हणजे त्यांनी जन्मठेप लिहिली होती आणि त्यांना वाटत होतं आपण सुट्टी लिहिली.

घरी आईला आधी हायसं वाटलं. गावच्या डॉक्टरांच्या तोंडून तिनं हर्पिस हा शब्द ऐकला होता तो नागिणीसाठी. "नागीण व्हय? आगं, तुज्या आत्तीला झाली हुती कंबरंला. दीस जातील तशी बरी हुती." तिनं नंदाच्या पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तिला नागीण वेगळी आणि हे वेगळं असं नीट समजावून सांगितलं. त्या रात्रीपासून नंदाचा टॉवेल वेगळ्या खुंटीवर गेला. आई बोलली काहीच नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तालमीत तर बोलायचीही गरज नव्हती. पैलवानाला सगळ्यात आधी लागतो तो जोड, म्हणजे सरावाला रोज अंगाला अंग भिडवणारा सोबती. नंदाची जोड तन्वी होती, सहा वर्षांपासून. एकमेकींच्या मानेत हात घालून त्या रोज तास-तास रेटत, एकमेकींच्या घामाचा वास त्यांना पाठ होता. आता नंदा मॅटच्या कडेला येऊन उभी राहिली की तन्वी बुटाची नाडी बांधायला खाली वाके आणि वाकलेलीच राहत असे. जोर एकटीनं मारता येतात, दोर एकटीनं चढता येतो, पण कुस्ती एकटीनं होत नाही. जिला कुणी शिवत नाही ती पैलवान राहत नाही, मग दिवा कुठलाही असो.

"तू काय दिवस येऊ नगंस," वस्ताद तिसऱ्या दिवशी म्हणाले. "बाकीच्या पोरींच्या घरची इचारायला लागल्यात."

नंदा मिरजेला गेली. ह्या भागात कुणाला काही झालं की माणूस मिरजेची गाडी धरतो, तशीच तिनं धरली. संघाच्या नियमात तळाशी एक ओळ होती, की निकाल मान्य नसेल त्यानं आपली आपण फेरतपासणी करून आणावी. डॉक्टर शाहीन मुजावर यांची प्रयोगशाळा सतारी दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानामागे होती. हयात विषाणूंवर काम करण्यात गेलेली, पांढऱ्या केसांची, जाड चष्म्याची ही बाई बोलायला फटकळ होती.

"मॅडम, मी तसली नाही," नंदा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली.

"तसली म्हणजे कसली?"

नंदानं मनगटावरचा लाल दिवा पुढे केला.

"बस. पाणी पी. कधी फोड आलेत? जळजळ, दुखणं, ताप?"

"काहीच नाही."

"मग तपासलं कशाला?"

"सगळ्यांनाच तपासतात."

"तिथंच घोटाळा आहे," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला आणि पदराला पुसला. "ऐक. हजार पोरी घे, तुझ्या वयाच्या. समज, त्यांतल्या वीस जणींच्या अंगात दोन नंबरचा हर्पिस खरोखर आहे. टिकली त्यातल्या एकोणीस पकडते. शाबास तिची. उरल्या नऊशे ऐंशी, त्यांच्या अंगात काहीही नाही. पण टिकली शंभरात तीन वेळा उगीचच लाल होते. कंपनी जाहिरातीत सत्त्याण्णव टक्के म्हणते ना, ते खरंच आहे. आता नऊशे ऐंशीचे तीन टक्के कर."

"एकोणतीस."

"एकोणतीस पोरी खोट्या लाल आणि एकोणीस खऱ्या लाल. सगळ्या एकाच रांगेत उभ्या. सांग, कुठली कोण?"

नंदा हिशोब मनात फिरवत राहिली. "म्हणजे लाल झालेल्यांत खोट्याच जास्त?"

"जास्त. कारण मुळात आजार थोड्यांना आणि तपासणी सगळ्यांची. जिला फोड आलेत तिची तपासणी करा, टिकली कामाची आहे. धडधाकट पोरींची रांग लावा, ती थापा मारते."

"आणि हे संघाला माहीत नाही?"

"कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेलं आहे. मुंगीएवढ्या अक्षरात."

त्यांनी नंदाच्या पट्टीला एक वायर जोडली. पट्टी दुनियेला दिवा दाखवत होती, पण आकडा तिच्या पोटात होताच. तो समोरच्या पडद्यावर आला. एक पॉइंट चौदा.

"एक पॉइंट एकच्या वर गेलं की लाल," डॉक्टर म्हणाल्या. "कुणाचा आकडा आठ येतो, कुणाचा दहा येतो, त्यांचं लाल बहुतेक खरं असतं. तुझा एक पॉइंट चौदा, तोही लाल. साडेतीनच्या आतले आकडे पुन्हा दुसऱ्या पद्धतीनं तपासल्याशिवाय कुणाला सांगूसुद्धा नयेत, हे मी माझ्या तरुणपणापासून ऐकत आले. आणि एक नंबरचा हर्पिस हा दोन नंबरचा सख्खा भाऊ. तापात ओठाच्या कडेला फोड उठतात ना, तो. निम्म्याहून जास्त लोकांच्या अंगात तो लहानपणीच शिरतो, कुणीतरी कौतुकानं पापा घेतला म्हणून. त्याची प्रतिपिंडंसुद्धा कधी कधी चुकून भावाच्या खाचेत जाऊन चिकटतात." त्यांनी पेन उचललं. "रक्त कधी घेतलं होतं?"

"वजनाच्या आधी. रांगेतच घेतात, सगळ्या एका जागी सापडतात म्हणून."

"त्याआधी पाणी किती प्यालीस?"

नंदाला हसू आलं. त्या चार दिवसांत पहिल्यांदा आलं. "वजनाच्या आधी कुणी पाणी पितं का मॅडम? आदल्या दिवसापासून बंद. सूट घालून पळायचं, गरम खोलीत बसायचं. दोन-तीन किलो जातं पाण्याचं."

डॉक्टर टेबलावर हात आपटून उभ्या राहिल्या.

"अरे देवा! कपडे वाळवावेत तशा तुम्ही स्वतःला वाळवता आणि मग हे लोक तुमचं रक्त घेतात? रक्तातलं पाणी गेलं की उरलेलं सगळं दाट होतं. प्रतिपिंडंही दाट होतात, आकडा चढतो. पार नाही चढत, पण जो उंबऱ्यावर उभा आहे त्याला आत ढकलायला एक बोट पुरतं. सगळ्या जगात रक्त घ्यायला ह्याहून वाईट वेळ शोधून सापडली नसती!"

त्यांनी नंदाला भरपूर पाणी प्यायला लावलं, जेवायला घातलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रक्त घेतलं. प्रयोगशाळेतल्या टिकलीवर आकडा आला शून्य पॉइंट अठ्ठ्याण्णव. दिवा हिरवा. पण डॉक्टरांनी त्यावरही विश्वास ठेवला नाही. उंबऱ्यावरचा आकडा हिरव्या बाजूचा असला तरी उंबऱ्यावरचाच, असं त्या म्हणाल्या. टिकली विषाणूच्या एकाच प्रथिनावर विसंबते. त्यांनी केलेल्या दुसऱ्या तपासणीत विषाणूची सगळी प्रथिनं एका कागदी पट्टीवर वेगवेगळी पसरलेली असतात, आणि रक्त त्यांतल्या कुठल्या कुठल्या रेषांना चिकटतं ते पाहायचं असतं. खरी लागण असेल तर ठरावीक रेषा एकत्र उमटतात. नंदाच्या त्या कागदी पट्टीवर दोन नंबरची एकही रेष उमटली नाही.

नंदाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "म्हणजे मी चांगली आहे."

"आणि रेषा उमटल्या असत्या तर?" डॉक्टरांचा आवाज चढला. "तर तू वाईट झाली असतीस? कितीतरी बायकांना नवऱ्याकडून आलेला असतो, त्यांना कळतसुद्धा नाही. त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं उडी मारून कुणाच्या अंगावर जात नाहीत. कुस्तीत पसरतो तो बहुतेक वेळा एक नंबर, आणि तोही अंगावर फोड असताना, कातडीला कातडी घासून. तिथं दिवा बघून काय कळणार? डोळे उघडून तोंड बघायचं असतं." त्यांनी पडद्यावर फोटो काढून दाखवले. पैलवानांच्या भुवईवर, गालावर, मानेवर उठलेले बारीक, पाणी भरलेले फोड, एका ठिकाणी पुंजक्यानं बसलेले. "डोळ्याजवळ असला तर मग खेळच नाही. बुबुळावर गेला तर नजर अधू करतो. आणि नवी लागण असेल तर टिकली कित्येक आठवडे हिरवीच राहते, कारण प्रतिपिंडं तयारच व्हायची असतात."

नंदानं ते फोटो नीट पाहून घेतले, हे बरं झालं की वाईट झालं, कुणास ठाऊक. कारण डॉक्टरांच्या सहीचा कागद घेऊन ती तालमीत परतली आणि तिला पहिली दिसली तन्वी. उजव्या भुवईच्या टोकाला, दाट लावलेल्या फाउंडेशनखाली, पाच-सहा फोडांचा पुंजका.

नंदानं तिला तालमीमागच्या नळापाशी गाठलं. तिथं तिसरं कुणी नव्हतं.

"हे कधीपासनं?"

"मॅटवर घासलंय."

"घासलेलं असं दिसत नाही, तन्वे. जळतंय का? ताप आलावता?"

तन्वीनं हात भुवईकडे नेला आणि परत खाली घेतला. "तुला काय करायचंय?"

"डोळ्याच्या कडेला हाय. गोळ्या लगेच घेतल्या तर आठ-दहा दिसांत बरं हुतं. तवर कुणाला भिडू नगंस. मिरजेला माझ्या डॉक्टरीणबाई हाईत, मी येते तुझ्यासंगं."

"माझा दिवा हिरवा हाय, नंदे." तन्वीचा चेहरा ताठ झाला. "तुझा लाल लागला तवा मी काय बोलले का? आता माझी जागा तुला पायजे म्हणून माझ्या तोंडावर रोग काढतीस व्हय? इतकी जळशील असं वाटलं नव्हतं."

नंदाला राग आला तो तन्वीचा नव्हे, त्या दिव्याचा. सहा वर्षं एकमेकींच्या मानेत हात घालून वाढलेल्या दोन पोरींच्या मधे तो येऊन बसला होता आणि आता त्याचंच खरं मानलं जात होतं.

वस्तादांनी मात्र डॉक्टरांची सही पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पेढे मागवले. "मला ठावंच हुतं! माझी पोरगी तसली न्हवंच!"

"ठावं हुतं तर मॅटवर का उतरू दिलं न्हाई?" नंदानं विचारलं.

त्यांनी पेढा तिच्या तोंडाजवळ धरला होता. तो तसाच त्यांच्या हातात राहिला.

संघाचे सचिव उदयसिंह शितोळे यांनी तिला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला, झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला आणि तिथल्या तिथं तिची पट्टी हिरवी करून दिली. एक कळ दाबायचा अवकाश. जो दिवा लाल करताना विज्ञान लागलं होतं, तो हिरवा करायला साहेबांचं बोट पुरलं.

"आता एक कुस्ती लावू, तू आणि तन्वी. जी जिंकेल ती शिबिराला. न्याय झाला ना?"

"साहेब, बाकीच्या लाल पोरींचं काय? त्यांचंही रक्त सुकवूनच घेतलंय."

"त्यांनी अर्ज केला तर बघू."

"आणि कुस्तीत पसरतो तो एक नंबर. बंदी दोन नंबरवर का?"

शितोळे हसले. हा प्रश्न त्यांना आधी कुणी विचारला नव्हता असं नाही. "हे बघ बेटा, एक नंबर तपासायला लावला तर निम्म्याहून जास्त पोरी लाल होतील. वस्ताद लाल होतील. मी लाल होईन. स्पर्धा कुणाच्या घ्यायच्या? दोन नंबरवाल्या थोड्या असतात, आणि लोकांना ते पटतंही. जरा तो... चारित्र्याचाही भाग येतो ना."

म्हणजे ह्या माणसाला सगळं माहीत होतं. नंदाला वाटलं होतं की हे अडाणीपण आहे, समजावलं तर जाईल. हे अडाणीपण नव्हतं. ज्यानं आजार पसरतो तो मोकळा सोडायचा, कारण तो सगळ्यांना आहे, आणि ज्यानं मॅटवर काही होत नाही त्याला पकडायचं, कारण त्याच्यात बाईची बदनामी आहे! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. चहा तिनं तसाच ठेवला.

"मग कुस्तीच्या आधी दोघींची कातडी तपासा," ती म्हणाली. "डॉक्टर आणून तपासा. मी नाव घेत नाही कुणाचं."

"दिवे हिरवे असले की झालं. नियम सगळ्यांना सारखा," शितोळे म्हणाले आणि उठून उभे राहिले.

कुस्ती जिल्हा क्रीडा संकुलात होती. हॉल भरला होता. लाल लागून हिरव्या झालेल्या पोरीला बघायला लोक आले होते. दोघींच्या मनगटांवर हिरवे दिवे होते आणि फाटकं सटासट उघडत होती. तन्वीच्या भुवईवर आज फाउंडेशनचा थर आणखी जाड होता आणि त्याखालचा पुंजका पापणीच्या बाजूला सरकला होता. उजवा डोळा लाल दिसत होता. ती तो सारखा मिचकावत होती.

नंदा आधी पंचांकडे गेली. आवाज दबका ठेवून म्हणाली, "साहेब, तिच्या भुवईकडं एकदा बघा."

पंचांनी तन्वीच्या मनगटाकडे पाहिलं. "दिवा हिरवा आहे."

"मनगटाला न्हाई झालं साहेब, भुवईला झालंय."

"कुस्ती घ्यायची आहे की नाही?"

ती वस्तादांकडे वळली. "तुम्ही बघा. तुमचे डोळे मशीनहून जुने हाईत."

सर्जेरावांनी पाहिलं. नंदानं त्यांच्याकडे रोखून पाहिलं, म्हणून तिला दिसलं की त्यांनी नीट पाहिलं, ओळखलं आणि नजर खाली घातली. असे फोड आलेल्या पोरींना पूर्वी ते स्वतः मातीत उतरू देत नसत. "सहा मिनिटांची कुस्ती हाय, नंदे," ते म्हणाले. "बारा वरसं झिजलो तुज्यापायी. दिवा हिरवा हाय न्हवं? मग लढ."

नंदा मॅटच्या मधोमध आली. समोर तन्वी होती, तिची जोड. शिट्टी वाजली की कपाळाला कपाळ भिडणार, भुवईला भुवई घासणार. सहा मिनिटं. ती जिंकू शकत होती, हे तिला ठाऊक होतं. तन्वीचा डावा पाय कधी हलतो ते तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. ती जिंकली असती तर शिबिराला गेली असती, आणि कदाचित आठवड्याभरानं तिच्याच भुवईवरून ते शिबिरातल्या तीस पोरींच्या तोंडावर गेलं असतं. सगळ्यांचे दिवे हिरवे. ह्या लोकांना तेच हवं होतं.

"मी आज लढणार नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "कुस्ती दहा दिवस पुढं ढकला. दहा दिसांनी मी हिच्याशी कुठंही लढते."

"का?" शितोळ्यांनी माइकवरून विचारलं. "कारण सांग."

कारण सांगणं एका शब्दाचं काम होतं. पडद्यावर नाव लागल्यावर पोरी कशा मागं सरतात ते नंदानं अंगावर घेतलं होतं. तन्वीचा रंग उडाला होता. ती नंदाकडे अशी पाहत होती की जणू फाशीचा दोर नंदाच्या हातात आहे.

"कारण पंचांना सांगितलंय," नंदा म्हणाली. "वस्तादांना सांगितलंय. तुम्हालाही सांगितलंय. तिघांनाही दिसतंय."

"नियमात तहकुबी बसत नाही," शितोळे म्हणाले. "तन्वी घोरपडे हिला पुढे चाल. विजयी घोषित करा."

लोक ओरडले. कुणी नंदाला भित्री म्हणालं, कुणी आणखी काही. बारा वर्षांच्या जोर-बैठका, खुराक, उपास, सगळं त्या एका वाक्यात मातीला मिळालं. लाल दिव्यानं गेलेली जागा हिरव्या दिव्यानं पुन्हा गेली.

विजेत्याचा हात पंच धरतो आणि वर करतो. पंच पुढे आले. तन्वीनं हात थोडा उचलून त्यांच्याकडे केला. पंचांनीही आपला हात लांब केला, तिच्या मनगटापर्यंत नेला, त्यांची नजर एकदा तिच्या भुवईवर गेली, आणि हात मागं आला. त्यांनी कशालाही न शिवलेला तो हात पँटला पुसला.

सगळ्या हॉलनं ते पाहिलं. तन्वीचा हात अर्धवट वर, एकटाच राहिला. आत्ताच दिवा हिरवा आहे असं म्हणणारा हा माणूस, शितोळे, वस्ताद, कुणीच जागचं हललं नाही. म्हणजे दिव्यावर त्यांतल्या कुणाचाच विश्वास नव्हता. तो त्यांनी पोरींसाठी ठेवला होता.

नंदा चालत गेली आणि तिनं तन्वीचं मनगट घट्ट धरलं.

"हात धरल्यानं काही होत नसतंय, साहेब," ती पंचांना म्हणाली, आणि आता तिनं आवाज दबका ठेवला नाही. "त्यात भ्यायसारखं काय हाय? दिवा हिरवा हाय की तुमचा!"

आणि तिनं तन्वीचा हात वर केला, पार खांद्याच्या वर, विजेत्याचा करतात तसा. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

"नंदे," ओठ न हलवता तन्वी पुटपुटली, "कालपासनं ह्या डोळ्यानं नीट दिसंना झालंय गं."

नंदानं हात खाली घेतला, पण सोडला नाही. "चल," ती म्हणाली. "मिरजेची गाडी मिळंल अजून."